गावची अडचण, घरचा धंदा



आमच्या गट कार्यालयांत वर्षभर ज्या तक्रारी येतात त्यांची यादी केली, तर दरवर्षी जवळजवळ तीच निघते. बेणे चांगले मिळाले नाही. उगवण विरळ झाली, नांग्या भरायला रोप नाही. तोड झाली पण खोडव्याच्या कामाला माणूस मिळेना. ठिबकच्या नळ्या चोंदल्या आणि दुरुस्तीवाला तालुक्याहून आलाच नाही. तक्रार सांगून झाली की उठता उठता सभासद दुसरी गोष्ट काढतात, "साहेब, धाकट्याला एखादा धंदा सुचवा. पाच एकरांत तीन भाऊ, कसं भागायचं?"

आमचे म्हणणे असे की, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा पहिल्या तक्रारीतच असते. आपण मात्र धंदा शोधायला पुण्या-मुंबईकडे पाहतो आणि पायाखालची अडचण नशीब म्हणून सोसतो. या लेखात एवढेच सांगावयाचे आहे की, अडचणीत धंदा कसा ओळखावा, आणि कोणत्या अडचणीत धंदा नाही हेही कसे ओळखावे. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, कारण तिथेच घरदार गहाण पडते.

आपल्याच जिल्ह्यातला दाखला

सासवडकडील माळी समाजातील बागायतदार नीरेच्या कालव्यावर, आपल्या माळशिरस तालुक्यात ऊस करू लागले. उसाचा गूळ करून विकायचा हा त्यांचा व्यवहार. १९३० च्या सुमारास जगभर मंदी आली, गुळाचे भाव कोसळले आणि ऊस उभा असूनही हातात काही राहीना. त्याच वेळी आपल्या देशात जावा बेटावरची साखर मोठ्या प्रमाणात येत असे. १९३२ साली सरकारने परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसविली. या मंडळींनी दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या. गुळाला भाव नाही, पण साखरेला बाजार आहे, आणि ऊस तर आपल्याच रानात आहे. त्यांनी १९३२ सालीच 'सासवड माळी शुगर फॅक्टरी' ही स्वतःची कंपनी काढली. आजचे माळीनगर त्यातून उभे राहिले. पुढे प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना उभारला, तोही शेतकऱ्याच्या नडीतूनच निघाला.

दुसरा दाखला लक्ष्मणराव किर्लोस्करांचा. बेळगावात सायकलींचे दुकान चालविणाऱ्या या माणसाने शेतकऱ्याची अडचण पाहिली. कडबा तसाच टाकला की जनावर निम्मा तुडवून वाया घालवते, म्हणून कडबा कापायचे यंत्र केले. लाकडी नांगर खोल जात नाही, म्हणून १९०३ साली लोखंडी नांगर केला. पण लोक म्हणू लागले, लोखंडाने जमीन नासते! सुरुवातीचे नांगर विकायला दोन वर्षे घालवावी लागली. १९१० साली औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी जागा दिली आणि किर्लोस्करवाडी वसली. यातून घ्यायचे ते असे : अडचण खरी असली तरी गिऱ्हाईक पहिल्या दिवशी दारात येत नाही. तेवढा दम धरण्याची तयारी लागते.

चार प्रश्नांची कसोटी

अडचण दिसली की लगेच शेड बांधायला घेऊ नये. आधी चार प्रश्न विचारावेत.

१. ही अडचण किती जणांची आहे? एकाची असेल तर ते काम झाले, धंदा नव्हे. आपल्या गावात आणि शेजारच्या चार गावांत निदान पन्नास जणांची हवी.

२. ती किती वेळा येते? दर हंगामाला येणारी अडचण धंद्याची. दहा वर्षांतून एकदा येणारी नव्हे.

३. त्या अडचणीवर लोक आज पैसे खर्च करतात का? हा सर्वांत मोठा प्रश्न. लोक नुसती कुरकुर करतात की खिशात हात घालतात, हे पाहावे.

४. तुम्ही नसाल तर ते काय करतील? म्हणजे तुमचा खरा स्पर्धक कोण? तो पुष्कळदा दुसरा दुकानदार नसतो, "चालू द्या तसंच" ही सवय असते.

आता ही कसोटी आपल्या तीन अडचणींना लावून पाहू.

पहिली अडचण : बेणे

एक एकर लागणीला पारंपरिक पद्धतीने दोन डोळ्यांची सुमारे १०,००० टिपरी लागतात. हे बेणे बहुतेक ठिकाणी शेजारच्या उसातून, खोडव्यातूनसुद्धा घेतले जाते. त्याबरोबर काणी आणि गवताळ वाढ हे रोगही फुकट येतात. उगवण झाली नाही की नांग्या पडतात आणि तुटाळ रान वर्षभर पाणी-खत खात राहते.

रोपाने लागण केली तर हिशेब वेगळा होतो. पाच फुटांची सरी आणि दोन रोपांत दोन फूट धरले तर एकरी ४,३५६ रोपे बसतात. चार फुटांची सरी धरली तर ५,४४५. रोप एका डोळ्याचे, म्हणून बेणे पुष्कळ कमी लागते. रोप साधारण ३० ते ४० दिवसांत लागणीला येते, आणि तेवढे दिवस शेताचे पाणी वाचते. उजनीच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसणाऱ्याला या एका महिन्याची किंमत सांगायला नको.

कसोटी लावू. अडचण किती जणांची? लागण करणाऱ्या प्रत्येकाची. किती वेळा? आडसाली १५ जुलै ते १५ ऑगस्ट, पूर्वहंगामी १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर, सुरू १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी, म्हणजे वर्षातून तीनदा. लोक पैसे देतात का? देतात, बेण्यालाही आणि बेणे तोडणाऱ्या मजुरालाही. स्पर्धक कोण? शेजाऱ्याचा ऊस आणि दुसऱ्या तालुक्यातून टेंपोने येणारे, वाटेत निम्मे कोमेजलेले रोप.

एका गुंठ्यात, येण्याजाण्याची वाट सोडून, ४२ कप्प्यांचे सुमारे ५०० ट्रे मावतात. म्हणजे २१,००० डोळे. त्यांतले दहा टक्के मेले असे धरले तरी १८,९०० रोपे उरतात. पाच बाय दोनच्या हिशेबाने हे सव्वाचार एकरांहून थोडे अधिक झाले. म्हणजे पहिल्या वर्षी चार शेतकऱ्यांची एकेक एकराची मागणी आली की एक गुंठा भरला. याला मोठे शेडनेट लागत नाही, मोठे कर्ज तर नाहीच.

मात्र एक अट आहे. बेणेमळ्यातले, नऊ ते दहा महिन्यांचे, जातिवंत बेणेच वापरायचे. पाडेगावचे मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र आणि मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट यांचे मूलभूत बेणे कारखान्यांमार्फत पुढे वाढविले जाते, त्याच साखळीतून घ्यावे. जात एक सांगून दुसरी दिली, तर गावात पुन्हा कोणी दारात येणार नाही. रोपवाटिकेचे खरे भांडवल ट्रे नव्हेत, जातीबद्दलचा शब्द आहे. रोपे विकण्यासाठी काही परवाना लागतो का, याची चौकशी तालुका कृषी कार्यालयात आधी करून घ्यावी.

दुसरी अडचण : पाचट

एकरी तीन ते चार टन पाचट निघते. पेटविले की एका तासात रान मोकळे होते, पण नत्र आणि सेंद्रिय पदार्थ धुरात जातात. पाचटात अर्धा टक्का नत्र धरले तरी तीन टनांत १५ किलो नत्र झाले. युरियाच्या भाषेत ३२ किलोंच्या वर.

इथे धंदा आहे का? पुण्याच्या 'आरती' म्हणजे ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने, पाचटापासून कोळसा करण्याची भट्टी तयार केली. बंद पिंपात पाचट भरून बाहेरून उष्णता द्यायची, निघणारा वायू त्याच भट्टीत जळतो, आणि उरलेल्या कोळशाच्या भुकटीच्या कांड्या करायच्या. या कामाला २००२ साली लंडनचे ॲश्डेन पारितोषिक मिळाले. युक्ती अस्सल, आपल्या मातीतली.

तरी आमच्या कसोटीवर ती घासून पाहावी. तिसरा प्रश्न : रान मोकळे करायला शेतकरी पैसे देतो का? नाही देत. चौथा प्रश्न : तुम्ही नसाल तर तो काय करतो? काडी लावतो. काडीपेटीशी भावात कोण स्पर्धा करणार! म्हणून पाचटाच्या धंद्यात गिऱ्हाईक ऊसवाला नव्हे, कोळसा जाळणारा आहे. तो बांधून घेतल्याशिवाय भट्टी आणू नये. शिवाय पाचट हलके आणि पसरट, वाहतुकीत नफा खाऊन टाकते. भट्टी फडाजवळच हवी, आणि पाचट फक्त तोडणीच्या महिन्यांत मिळते.

पण याच अडचणीची दुसरी बाजू पाहा. तोडीनंतर पंधरा दिवसांत बुडखे छाटायचे असतात, पाचट सरीत बसवायचे असते, त्यावर टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकायचे असतात, खोडव्याला पहारीने खत द्यायचे असते. ही कामे वेळेत झाली नाहीत तर खोडवा मार खातो, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. माणूस मिळत नाही म्हणून काडी लागते. या कामाला मात्र शेतकरी पैसे देतो! चार-पाच जणांची टोळी, ट्रॅक्टरवरचे कुट्टी यंत्र आधी भाड्याने, आणि एकराचा ठरलेला दर : "तोड झाली की सांगा, आठवड्यात खोडवा बसवून देतो." पाचट तेच, पण पहिला धंदा अवघड आणि दुसरा गावोगाव चालण्यासारखा. फरक केवळ पैसे देणारा कोण, याचा.

तिसरी अडचण : ठिबक

विहिरी-बोअरचे पाणी क्षारयुक्त, त्यामुळे ड्रिपर चोंदतात. शेंडा पिवळा पडला की मगच लक्षात येते. गाळणी धुणे, नळ्यांची तोंडे सोडून गाळ काढणे, आम्लप्रक्रिया करणे ही कामे शिकायला फार दिवस लागत नाहीत, पण आम्ल हाताळायचे असल्याने माहितगाराकडूनच शिकावीत. गावात तीस-चाळीस संच असतील तर वर्षाच्या बोलीने देखभाल घेता येते. माल साठवायचा नाही, उधारी कमी, आणि एक दुचाकी पुरे.

घरातल्या भगिनींनीही याच नजरेने पाहावे. बाहेरगावी शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या पोरांना ज्वारीची भाकरी मिळत नाही, ही घरोघरची हळहळ. कडक भाकरी दिवसचे दिवस टिकते आणि शेंगा चटणी सोबत जाते, म्हणून आपल्या जिल्ह्यातील कित्येक महिलांनी त्यावर संसाराला हातभार लावला आहे.

लोकांचे पाहून धंदा करू नये

इमू पक्षी आठवतात ना? पिले घ्या, वाढवा, मोठा पैसा आहे, असा गाजावाजा झाला. २०१२ च्या सुमारास हा सगळा डोलारा कोसळला. तमिळनाडूत फार मोठी फसवणूक उघडकीस आली आणि आपल्या राज्यातही अनेकांचे पैसे बुडाले. इमूने कोणाची अडचण सुटत होती? कोणाचीच नाही. मांस खाणारा गावात नव्हता, तेल घेणारा दिसत नव्हता. पिले घेणारा होता तो पुढच्या पिले विकणाऱ्याच्या आशेवर. ज्या धंद्यात गिऱ्हाईक म्हणजे तोच धंदा करू पाहणारा दुसरा माणूस, त्यापासून चार हात लांब राहावे.

सुरुवात कशी करावी

एक शाळेची वही घ्यावी. महिनाभर चहाच्या टपरीवर, सोसायटीत, पाणवठ्यावर, वजनकाट्याच्या रांगेत जी तक्रार ऐकू येईल ती लिहावी. कोणी सांगितली, किती नुकसान झाले आणि त्यावर त्याने किती खर्च केला, एवढे तीन रकाने पुरेत. महिन्याच्या शेवटी जी तक्रार दहा वेळा आली आणि तिसरा रकाना रिकामा नाही, तिला कसोटी लावावी.

मग लहान प्रमाणात करून पाहावे. रोपे करायची तर आधी स्वतःच्या अर्ध्या एकराची करावीत. ती उभी राहिलेली लोकांना दिसू द्यावीत. नंतर इसार घेऊनच दुसऱ्याची मागणी स्वीकारावी. भावकीत आणि मित्रांत उधारी मागितली जाईलच. "ऊसबिल आल्यावर देतो," असे सगळेच म्हणतात, पण तुमच्या कर्जाचे व्याज ऊसबिलासाठी थांबत नाही. धंद्याचा आणि घरचा पैसा पहिल्या दिवसापासून वेगळ्या वहीत ठेवावा, आणि घरातल्या प्रत्येकाची मजुरीही खर्चात धरावी. मजुरी न धरता दिसणारा नफा हा नफा नव्हे. पहिला हंगाम स्वतःच्या पैशांवर निभावला की मग बँकेकडे आणि जिल्हा उद्योग केंद्राकडे जावे. तेव्हा तुमच्या हातात योजनेच्या कागदाबरोबर वहीतला हिशेबही असेल.

आडसाली लागण १५ जुलैला सुरू होते. त्यासाठी डोळे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात ट्रेमध्ये पडले पाहिजेत, म्हणजे बेणे आणि मागणी यांची जुळणी मे महिन्यातच झाली पाहिजे. ज्या सभासदांच्या घरातील तरुणांना रोपवाटिका अथवा खोडव्याची टोळी काढावयाची असेल त्यांनी आपली तक्रारींची वही घेऊन गट कार्यालयात यावे. बेणेमळ्यातील बेण्याची माहिती आणि गटातील लागणीच्या नोंदी पाहून, कोणत्या गावात किती मागणी निघेल याचा अंदाज आम्ही बसून काढून देऊ.

— ऊस विकास अधिकारी