‘घटका भरली’ : लुकलुकणाऱ्या दिव्यांचे परिपथ आणि मराठी क्रियापदे

गणेशोत्सव, दुर्गोत्सव आणि दिवाळी या सणांत वरूडसारख्या तालुक्याच्या गावीही आज आरास म्हटली की लहान रंगीत दिव्यांच्या माळा आल्याच. काही दिवे थांबून थांबून लुकलुकतात, काही आळीपाळीने लागतात, तर काही माळांत उजेड या टोकाकडून त्या टोकाकडे धावत सुटल्याचा भास होतो. हा देखावा घडवून आणणारा परिपथ फार गुंतागुंतीचा नसतो. एक घट, दोनचार रोधक, एखादे धारित्र आणि करंगळीच्या नखाएवढी एकदोन काळी आयसी एवढे साहित्य हाती असले, तर शाळकरी विद्यार्थ्यालाही तो जुळविता येतो. आकृती समोर ठेवून तारा जोडल्या की दिवा लुकलुकू लागतो. परंतु तो का लुकलुकतो, असे विचारले असता उत्तरादाखल बहुधा इंग्रजी नामांची एक मालिकाच तेवढी ऐकावयास मिळते. परिपथ बिघडला म्हणजे मात्र नामांचा उपयोग होत नाही. त्या वेळी कोणती क्रिया खुंटली हे ओळखावे लागते, आणि क्रिया सांगण्याचे काम क्रियापदाचे आहे. या क्रियांसाठी मराठी बोलणाऱ्याच्या जिभेवर कोणती क्रियापदे आधीच तयार आहेत, हे पाहणे म्हणूनच उद्‌बोधक ठरते.

१. दिवा आणि रोध

प्रथम दिव्याचाच विचार करू. एलईडी हा अर्धवाहक पदार्थाचा डायोड होय. त्यात तार तापून उजळत नाही. अर्धवाहकाच्या दोन थरांच्या सांध्यातून विद्युतधारा जात असता तेथेच प्रकाश उत्पन्न होतो. सिलिकॉन कार्बाइडच्या स्फटिकातून असा प्रकाश निघतो, हे हेन्री राउंड याने १९०७ मध्ये नमूद केले होते. डोळ्यांना दिसणाऱ्या तांबड्या प्रकाशाचा व्यवहार्य डायोड निक होलोन्याक याने १९६२ मध्ये सिद्ध केला. तेजस्वी निळ्या डायोडासाठी मात्र आणखी तीन दशके वाट पाहावी लागली, आणि त्याच्या शोधाबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या माळांतील निळा व पांढरा रंग हे त्या शोधाचेच फळ आहे.

हा डायोड एकाच दिशेने धारा वाहू देतो, म्हणून त्याची टोके उलटी जोडल्यास तो लागत नाही. शिवाय तो स्वतः धारेला आवर घालीत नाही; तो आवर बाहेरून रोधकाने घालावा लागतो. घट ९ व्होल्टचा असेल आणि तांबड्या दिव्यावर सुमारे २ व्होल्ट खर्ची पडत असतील, तर उरलेल्या ७ व्होल्टचा भार रोधकाने उचलावयाचा असतो. धारा १० मिलिअँपिअर हवी असल्यास रोध ७०० ओहम ठरतो. बाजारात त्याच्या जवळचा ६८० ओहमचा रोधक मिळतो. संत्र्याच्या बागेत ठिबकाची तोटी जे काम करते तेच येथे रोधकाचे आहे. नळीत पाणी कितीही असो, झाडाच्या मुळाशी ते बेतानेच उतरावे, हा दोहोंचा हेतू. नवशिक्याने हे सारे प्रयोग घटावरच करावेत. घरातील विजेवर थेट चालणाऱ्या माळा उघडून पाहणे जिवावर बेतू शकते.

२. घटका आणि धारित्र

आता लुकलुकण्याचे मर्म. त्यासाठी एका जुन्या उपकरणाची आठवण उपयोगी पडते. लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी पूर्वी घटिकापात्र मांडीत असत. पाण्याने भरलेल्या मोठ्या भांड्यात तळाशी बारीक छिद्र असलेली एक वाटी तरंगत ठेवावयाची. छिद्रातून पाणी हळूहळू वाटीत शिरे, वाटी काठोकाठ भरे आणि बुडे; की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे झाली. मग ती रिकामी करून पुन्हा सोडावयाची. छिद्र लहान केले वा वाटी मोठी घेतली की घटका लांबे. छिद्र मोठे केले की ती आखूड होई.

लुकलुकणाऱ्या परिपथात वाटीची जागा धारित्र घेते आणि छिद्राची रोधक. कारागिरांच्या तोंडी धारित्राला अजूनही ‘कंडेन्सर’ हेच जुने नाव आहे. रोधकातून येणाऱ्या धारेने धारित्र भरत जाते. एका मर्यादेला पोहोचले की परिपथ त्याला रिकामे करू लागतो. खालच्या मर्यादेला आले की पुन्हा भरणे सुरू होते. भरताना दिवा लागतो, रिकामे होताना विझतो.

मर्यादा ओळखून वाटी रिकामी करणाऱ्या घटिकेवरील माणसाचे काम ५५५ या क्रमांकाने प्रसिद्ध असलेली आयसी करते. हान्स कामेन्झिंड याने १९७१ मध्ये तिची रचना केली आणि सिग्नेटिक्स कंपनीने ती १९७२ मध्ये बाजारात आणली. तिच्या पोटात ५ किलोओहमचे तीन सारखे रोधक एकापुढे एक बसविलेले असतात. त्यामुळे घटाच्या दाबाचे तीन सारखे भाग पडतात आणि एकतृतीयांश व दोनतृतीयांश असे दोन उंबरठे तयार होतात. धारित्र वरच्या उंबरठ्याला टेकले की आयसी त्याला रिकामे होण्याची वाट उघडून देते, आणि खालच्या उंबरठ्यावर आले की ती वाट बंद करते.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. धारित्र जसजसे भरत जाते तसतसा त्याच्या भरण्याचा वेग मंदावत जातो, कारण भरण्यास लावणारा दाबाचा फरकच कमी होत असतो. एकतृतीयांशापासून दोनतृतीयांशापर्यंत भरताना उरलेली रिकामी जागा निम्मी होते. परत येताना साठा निम्मा होतो. कोणत्याही निमपटीस लागणारा काळ रोध व धारिता यांच्या गुणाकाराच्या ०.६९ पट असतो. म्हणून घट जुना होऊन त्याचा दाब उतरला, तरी उंबरठेही त्याच प्रमाणात उतरतात. दिवा मंद होतो, पण त्याचा ताल जवळजवळ तोच राहतो.

एक उदाहरण घेऊ. पहिला रोधक १ किलोओहमचा, दुसरा ६८ किलोओहमचा आणि धारित्र १० मायक्रोफॅरडचे घेतले. भरताना धारा दोन्ही रोधकांतून येते, रिकामे होताना केवळ दुसऱ्यातून जाते. म्हणून एका फेऱ्यासाठी हिशेबात १३७ किलोओहम धरावे लागतात आणि फेरा सुमारे ०.९५ सेकंदाचा होतो. धारित्र १ मायक्रोफॅरडचे बसविले की तोच फेरा दहापट जलद, म्हणजे ०.०९५ सेकंदाचा होतो.

‘घटका भरली’, ‘दिवस भरले’, ‘वेळ भरत आली’ हे प्रयोग मराठी माणूस नित्य करतो. काळ हा भरणारा पदार्थ आहे अशी कल्पना या भाषेत घटिकापात्रासारख्या साधनांच्या सहवासाने रुजलेली दिसते. धारित्राने काळ मोजणे ही गोष्ट ज्या विद्यार्थ्याला इंग्रजी नामांच्या पडद्याआड गूढ वाटते, त्याच्या आजीच्या बोलण्यात तिचे तत्त्व केव्हाचेच वावरत असते.

३. क्रम आणि पाळी

दिवे धावावेत यासाठी ५५५ च्या जोडीला ४०१७ ही दुसरी आयसी लागते. तिला सोळा पाय असून त्यांपैकी दहा दिव्यांसाठी आहेत. ५५५ कडून येणारा प्रत्येक ठोका तिच्या चौदाव्या पायावर पडला, की पेटलेला दिवा विझून त्याच्या पुढचा लागतो. एका वेळी एकच दिवा लागत असल्याने दहाही दिव्यांना मिळून एकच रोधक पुरतो. तेरावा व पंधरावा हे पाय घटाच्या ऋण टोकाला जोडावे लागतात. दहाऐवजी सहाच दिवे हवे असल्यास पंधरावा पाय तेथून सोडवून सातव्या दिव्याच्या पायाला जोडावा; सातव्याची वेळ येताच गणना पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

या क्रियेला मराठीत नेमका शब्द आहे, तो ‘पाळी’. संत्र्याच्या बागेचे पाटाने ओलित करताना एका आळ्यात पाणी भरले की ते बंद करून पुढच्या आळ्याकडे वळवितात; कालव्याच्या व्यवहारात ‘पाणीपाळी’ हा शब्द रूढच आहे. ४०१७ ही दहा दिव्यांना पाळी लावून देणारी आयसी होय. ‘पाळी’ आणि ‘क्रम’ यांतील भेदही येथे कामास येतो. क्रम जागेचा असतो, पाळी वेळेची असते. या आयसीच्या पायांचा क्रम १, २, ३ असा असला, तरी दिव्यांची पाळी ३, २, ४, ७, १०, १, ५, ६, ९, ११ या पायांवरून फिरते. नवशिका पायांच्या क्रमाने दिवे जोडतो, आणि उजेड धावण्याऐवजी वेड्यावाकड्या उड्या मारू लागतो. आयसी बिघडली असे समजून तो ती फेकून देतो. क्रम म्हणजे पाळी नव्हे, एवढे एक वाक्य त्याला कोणी सांगितले असते तर तिचा जीव वाचला असता.

दिवे ‘पळतात’ असे आपण म्हणतो. वऱ्हाडीत ‘ळ’च्या जागी बहुधा ‘य’ उच्चारला जात असल्याने हेच क्रियापद ‘पयणे’ असे कानी पडते. वस्तुतः तेथे काहीच पळत नाही. लगतचे दोन दिवे थोड्या अंतराने लागले की पाहणाऱ्याला एकच दिवा सरकल्याचा भास होतो. माक्स वेर्थहायमर याने १९१२ मध्ये या भासाचे शास्त्रीय विवेचन केले. वरील उदाहरणात ०.०९५ सेकंदाचा ठोका असता दहा दिव्यांचा फेरा एका सेकंदाच्या आत पुरा होतो आणि उजेड पळू लागतो. ठोका ०.९५ सेकंदाचा केला की भास मोडतो. मग दिवे नुसते पाळीने लागताना दिसतात. पळते ती पाळी. पाहणाऱ्याची भाषा ते पळणे दिव्यावर लादते.

४. परिभाषेचा प्रश्न

१९६० मध्ये भाषा संचालनालयाची स्थापना झाल्यापासून मराठीत शास्त्रीय परिभाषेचे मोठे काम झाले आहे. त्यातील भर स्वाभाविकपणे नामांवर राहिला. ‘धारित्र’ म्हणावे की ‘कंडेन्सर’, या वादात पुष्कळ शक्ती खर्च होते. परंतु वर पाहिलेल्या विवेचनात नाम कोणतेही घातले तरी अर्थ बिघडत नाही. ‘भरणे’, ‘टेकणे’, ‘रिकामे होणे’, ‘वळविणे’ ही क्रियापदे काढून घेतली तर मात्र काहीच उरत नाही. यावरून असे म्हणता येईल की वस्तूचे नाव उसने आणले तरी चालते. तिच्या क्रियेचे क्रियापद मात्र बोलणाऱ्याचे स्वतःचे असावे लागते. परिभाषेतही जी नामे अशा घरगुती बोलीतून उगवली ती सहज रुळली. ‘वारंवार’वरून आलेला ‘वारंवारता’ हा शब्द समजावून सांगण्याचे प्रयोजन पडत नाही.

वरुडाला लागून असलेल्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे महानुभावांच्या गद्याचे पीठ. संस्कृतात लिहिल्यास साधी माणसे ज्ञानाला मुकतील, ही चिंता नागदेवाचार्यांनी तेराव्या शतकात वाहिली. आज त्याच मुलखातील मुलाच्या हाती पुठ्ठ्यावर जुळविलेला परिपथ असतो आणि त्यातील एक दिवा लागत नसतो. त्या वेळी ‘कोणते भरत नाही, आणि कोणाची पाळी चुकली?’ असा प्रश्न त्याने स्वतःलाच आपल्या बोलीत विचारावा, एवढे जरी विज्ञानशिक्षणाला साधले, तरी तो दिवा लागण्यास फारसा वेळ लागणार नाही.