गेलेला बुधवार

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात ॲन आर्बर हे विद्यापीठाचं गाव आहे. जुलै निम्मा सरला की तिथले भर वस्तीतले रस्ते मोटारींना बंद होतात आणि त्यांवर दहा फूट लांब, दहा फूट रुंद असे पांढरे तंबू ओळीनं उभे राहतात. एकेका तंबूत एकेक कलाकार आणि त्याची चित्रं, मातीची भांडी, काचकाम, दागिने. ही कलाजत्रा १९६० पासून भरते. कैक वर्षं ती बुधवारी सुरू व्हायची आणि शनिवारी उठायची. २०१६ साली बुधवार काढून रविवार जोडला गेला. २०२० साली महामारीमुळे जत्रा भरलीच नाही, आणि परतली ती गुरुवार ते शनिवार अशी तीनच दिवसांची. म्हणजे रविवारही गेला, पण बुधवार काही परत आला नाही. एक दिवस कमी झाला, एवढ्यावर बहुतेकांनी विषय संपवला. मला ते पटत नाही. बुधवार हा बघ्यांचा नव्हे, गिऱ्हाइकांचा वार होता. कामाच्या दिवशी, ऊन तापायच्या आत, मुद्दाम सवड काढून येणारा माणूस काहीतरी न्यायच्या विचारानं येतो. शिवाय चित्र ही एका फेरीत उचलायची वस्तू नाही. ते पाहायचं, घरी जाऊन भिंतीला टेप लावायची, रात्री नवरा-बायकोनं त्यावर बोलायचं, आणि शुक्रवारी पुन्हा यायचं. बुधवार ते शनिवार या मुदतीत हे सगळं ऐसपैस बसत होतं. हा वार कुणाच्या सोयीसाठी गेला, या प्रश्नाचं उत्तर शोधायला थोडं मागे जावं लागतं.

फार मागे जायची गरज नाही. उघड्यावर चित्रं मांडून विकायची रीत तिकडे रुजली ती महामंदीत. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअरपाशी चित्रकारांनी घरभाडं भागवायला चित्रं रस्त्यावर आणली. शिकागोत १९४८ साली ५७व्या रस्त्यावरची जत्रा सुरू झाली. ॲन आर्बरमध्ये पुढाकार होता दुकानदारांचा. साउथ युनिव्हर्सिटी रस्त्यावर त्यांचा उन्हाळी सेल लागायचा, आणि त्याला गर्दी व्हावी म्हणून कलाकारांना रस्त्यावर बसवण्यात आलं. पुढे शेजारच्या रस्त्यांवर आणखी जत्रा जोडल्या गेल्या आणि सगळ्या मिळून हजाराच्या आसपास कलाकार झाले. सत्तर, ऐंशी, नव्वद ही दशकं बरी गेली, त्यांच्यावर शाई खर्च करत नाही. फक्त ती जन्मकथा ध्यानात असू द्यावी, कारण गर्दी जमवणं हा पहिला हेतू होता, आणि चित्रं त्या गर्दीसाठी होती.

अशा जत्रेचं अर्थकारण एका वाक्यात सांगता येतं. आयोजक जागा विकतो आणि कलाकार चित्र विकतो. बहुतेक जत्रा विक्रीवर कमिशन घेत नाहीत. गॅलरी निम्मी किंमत ठेवून घेते, त्या मानानं ही मोठीच उदारता वाटते. पण याच उदारतेत सगळं दुखणं आहे, असं माझं मत आहे. कमिशन नाही, म्हणजे चित्र विकलं गेलं काय आणि न गेलं काय, आयोजकाच्या जमाखर्चात फरक पडत नाही. त्याचे पैसे जत्रेच्या कितीतरी महिने आधी जमा झालेले असतात. आधी अर्जाचं शुल्क, साधारण पंचवीस ते पन्नास डॉलर, निवड न झाली तरी परत न मिळणारं. मग जागेचं भाडं, काही शे डॉलर, नावाजलेल्या जत्रेत हजाराच्याही पुढे. त्यापुढे पेट्रोल, मोटेलच्या रात्री, चौकटी, काच, विमा हे सगळं कलाकाराचं. पाऊसही त्याचाच. जुलैत मिशिगनकडे वादळ उठतं तेव्हा तंबू धरून ठेवायला प्रत्येक पायाला वीसेक किलोचं वजन बांधावं लागतं. पांढऱ्या प्लास्टिकच्या नळीत काँक्रीट ओतून, वर कडी बसवून ही वजनं कलाकार घरी स्वतःच तयार करतात. अशी चार वजनं, गालिचा चढवलेले उभे फळे आणि पन्नास-साठ चित्रं घेऊन माणूस सहाशे मैल गाडी हाकत येतो, आणि दुपारचे दोन वाजले तरी भवानी झालेली नसते. हा आतबट्ट्याचा व्यवहार सगळ्यांच्या मिळून नव्हे, एकट्याच्याच माथी आहे.

हे असंतुलन जुनंच होतं, पण २००४ ते २०१४ या दशकात ते उघडं पडलं, आणि या दशकाचे आपण साक्षीदार आहोत. त्याआधी अर्ज करायचा म्हणजे ३५ मिलिमीटरच्या स्लाइड पाकिटात घालून टपालानं पाठवायच्या. तीन-चार कामाच्या आणि एक मांडलेल्या स्टॉलची. चांगल्या स्लाइडचे संच मोजकेच असत, त्यामुळे अर्जही मोजकेच. २००४ साली कोडॅकनं स्लाइड प्रोजेक्टर बनवणं थांबवलं आणि त्याच साली कलाजत्रांच्या अर्जांसाठी झॅप ही संगणकीय व्यवस्था आली. छायाचित्रं एकदा चढवली की वीस ठिकाणी अर्ज करणं चुटकीसरशी होऊ लागलं. सोय झाली, यात वाद नाही. पण अर्ज फुगले, निवडीची शक्यता घटली, आणि नकार येणार हे धरूनच प्रत्येक कलाकार जास्त ठिकाणी अर्ज करू लागला. हंगाम सुरू व्हायच्या आधीच पाच-सातशे डॉलर नुसत्या विचारण्यात जाऊ लागले. निवड करणाऱ्या ज्युरीपुढे पडद्यावर चार चित्रं येतात आणि काही सेकंदांत जातात. त्या सेकंदांत ठळक, एकसारखं, ओळखू येणारं काम तरतं. मग कलाकार वर्षानुवर्षं तेच करत राहतो, आणि जत्रेत फिरणारा म्हणतो, सगळीकडे तेच तेच दिसतं.

त्याच वर्षांत गिऱ्हाईकही आटलं. फायझर कंपनीनं २००७ साली ॲन आर्बरमधलं संशोधन केंद्र बंद करायचं जाहीर केलं, त्यात सुमारे २,१०० नोकऱ्या गेल्या. २००९ साली जनरल मोटर्स आणि क्रायस्लर दिवाळखोरीत निघाल्या. २०११ साली याच गावात जन्मलेल्या बॉर्डर्स या पुस्तकांच्या दुकानांना टाळं लागलं. रसायनशास्त्रज्ञ, इंजिनियर, प्राध्यापक हा वर्ग मूळ चित्र विकत घेणारा होता. डेट्रॉईटच्या आसपास राहणारी मराठी मंडळीही बरीचशी याच नोकऱ्यांमधली, त्यांनीही तेव्हा हात आखडता घेतला. कलाकारानं काय करायचं? आठशे डॉलरचं जलरंगातलं चित्र जात नाही म्हटल्यावर त्याचीच छापील प्रत चाळीस डॉलरला लाकडी पेटीत ठेवायची. इंकजेट यंत्रावर काढलेल्या अशा प्रतींना १९९१ साली ‘जिक्ले’ हे फ्रेंच वळणाचं भारदस्त नाव मिळालं होतं, या दशकात त्या पेट्या तंबूच्या तोंडाशी आल्या आणि मूळ चित्रं मागच्या भिंतीवर गेली. चाळीस डॉलरच्या प्रतींनी भाडं निघतं, पण पाहणाऱ्याच्या मनात चित्राची किंमत चाळीस डॉलर होऊन बसते. मग कारखान्यात बनवून आणलेला माल स्वतःचा म्हणून विकणारेही शिरले. नियमपुस्तकात त्याला बंदी होती आणि आहे. पण नियम राबवायचा म्हणजे तक्रार ऐकायची, चौकशी करायची, भरलेला तंबू रिकामा करायचा. ज्याचं उत्पन्नच भरलेल्या तंबूंवर आहे त्याच्याकडून ही अपेक्षा किती करायची?

त्या दशकात कलाकाराच्या बाजूनं खरोखर एक गोष्ट घडली, आणि ती एका कलाकाराकडूनच आली. जिम मॅकेल्वी हा सेंट लुईसचा काचकाम करणारा कारागीर. गिऱ्हाइकाचं कार्ड घेता आलं नाही म्हणून काचेचा एक नळ विकण्याची संधी त्याच्या हातून गेली. त्या हळहळीतून जॅक डॉर्सी या भागीदाराबरोबर २००९ साली त्यानं स्क्वेअर कंपनी उभी केली. मोबाइलला लावायची, कार्ड वाचणारी ती छोटी पांढरी चौकोनी डबी जत्रांमध्ये आली आणि कार्बन कागदावर कार्डाचा ठसा घ्यायचं जड यंत्र गेलं. कार्ड खोटं निघालं हे चित्र गेल्यावर चार दिवसांनी कळायचं, तेही संपलं. विक्रीच्या क्षणाचा इतका बारीक विचार तंबूत उभं राहिलेल्या माणसालाच सुचला.

माझ्या म्हणण्यावर आक्षेप येतील आणि ते फुसके नाहीत. या जत्रा भरवणाऱ्या संस्था बहुतेक ना-नफा तत्त्वावर चालतात. रस्ते बंद करणं, पोलीस, स्वच्छता, विमा यांचे खर्च वाढलेत, ते कुठून भरायचे? हे मान्य. पण खर्च भागवणं आणि जोखीम वाटून घेणं या दोन गोष्टी आहेत. भाडं कमी ठेवून विक्रीचा लहानसा हिस्सा घेतला, तर गिऱ्हाईक आणण्यात आयोजकालाही गोडी राहील. विक्रीचा खरा आकडा कलाकार सांगणार नाहीत, असं यावर म्हटलं जातं. रोखीच्या जमान्यात ते खरं होतं, आता जवळजवळ प्रत्येक व्यवहाराची नोंद कार्डावर राहते. दुसरा आक्षेप कलाकारांकडूनच येतो: दिवस कमी झाल्यानं मोटेलची एक रात्र वाचते, चौथ्या दिवशी उन्हात अंग मोडून येतं. तेही खरं. पण कापायचाच होता तर बुधवार ठेवून शनिवार कापता आला असता. तसं कुणी सुचवणारही नाही, कारण शनिवारी आइस्क्रीम खपतं, गाणीबजावणी होते, दुकानांत पाऊल ठेवायला जागा नसते. हातात लिंबू सरबत आणि पुढे बाबागाडी असलेला माणूस शनिवारी तंबूपुढून जातो तो मोकळ्या मनानं कौतुक करत जातो. चित्र मात्र नेत नाही, कारण त्या गर्दीतून तीन फुटांची काचेची चौकट नेणार कशी?

इंटरनेटनं जत्रा मारली, असाही एक समज आहे. मी तो मानत नाही. पडद्यावर पाहून चित्र घेता येतं, पण मडकं हातात घेतल्याशिवाय त्याच्या कडेची जाडी कळत नाही, आणि बनवणारा माणूस समोर उभा असण्याला पर्याय निघालेला नाही. आपल्याकडे मुंबईत काळा घोड्याला जहांगीर कलादालनाच्या बाहेर फुटपाथवर चित्रकार बसतात तेही याच बळावर. आत दालनाचं भाडं भरून आठवडाभर प्रदर्शन लावायला वर्षानुवर्षं नंबर लागत नाही, बाहेर ऊन-पाऊस सोसावा लागतो, आणि दोन्हीकडे न विकलेल्या चित्राचं ओझं चित्रकारच घरी नेतो. समुद्रापलीकडे जाऊनही व्यवहाराची ही घडी बदललेली दिसत नाही.

ॲन आर्बरमध्ये आता बुधवारी फक्त मांडणी चालते. गाड्या मागे घेत घेत लावल्या जातात, नळ्यांमधली काँक्रीटची वजनं उतरतात, फळे उभे राहतात, आणि पाणसळ लावून एकेक चौकट सरळ केली जाते. सायकलवरून जाणारा एखादा गावकरी थांबतो, एका चित्रापाशी वाकून पाहतो, किंमत विचारतो. विक्री उद्यापासून, असं त्याला सांगितलं जातं. मग तंबूची पुढची कनात खाली येते आणि तिची चेन लागते.