विजेतून घडणारा आवाज : डिस्क प्लेअरच्या पॉवर सप्लायची पुनर्रचना

घरातील २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेपासून आतल्या मंडलांना लागणारी १२, ५ किंवा ३.३ व्होल्टची एकदिश वीज तयार करणारा भाग म्हणजे डिस्क प्लेअरचा पॉवर सप्लाय. त्याच्याकडे केवळ ऊर्जा पुरवणारा दुय्यम घटक म्हणून पाहिले जाते, आणि अंकांवर प्रक्रिया करणाऱ्या मंडलांपुरता हा दृष्टिकोन बराचसा चालून जातो. परंतु अंकांचे पुन्हा ध्वनीत रूपांतर होते त्या ठिकाणी तो साफ चुकीचा ठरतो. सीडीवर प्रत्येक वाहिनीच्या ध्वनीचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने १६ बिटांत नोंदलेले असतात, आणि 'डॅक' नावाची चिप त्यातील प्रत्येक अंक एका स्थिर संदर्भ-व्होल्टेजच्या प्रमाणात मोजून बाहेर काढते. याचा अर्थ असा, की कानावर पडणारा स्वर हा अंक आणि व्होल्टेज यांचा गुणाकार असतो, आणि त्या संदर्भ-व्होल्टेजमध्ये मिसळलेली खरखर संगीताला बाहेरून चिकटत नाही, तर त्याच्याबरोबरच घडवली जाते. सर्वसाधारण प्लेअरचा पूर्ण पातळीचा २ व्होल्टचा आउटपुट वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत सुमारे ५.६ व्होल्टचा असतो. १६ बिटांच्या ६५,५३६ पायऱ्यांत तो विभागला, तर एका पायरीच्या वाट्याला जेमतेम ८६ मायक्रोव्होल्ट येतात. स्वस्त पुरवठ्याच्या ५ व्होल्टच्या तारेवर मात्र दहा-वीस मिलिव्होल्टची लहर (रिपल) सहज आढळते. वाटेतले फिल्टर त्यातील बहुतांश अडवतात हे खरे, पण उरलेले किती आणि ते कोठे शिरते, या प्रश्नातूनच मूळ पॉवर सप्लाय बदलण्याची किंवा सुधारण्याची, म्हणजे त्याच्या पुनर्रचनेची, सारी कारागिरी जन्माला आली.

डीव्हीडी आणि ब्लू-रे प्लेअरांत प्रामुख्याने 'एसएमपीएस' पद्धतीचा पुरवठा आढळतो. त्यात घरची वीज आरंभीच एकदिश करून सुमारे ३२५ व्होल्टच्या कंडेन्सरमध्ये साठवली जाते, एक ट्रान्झिस्टर ती सेकंदाला कित्येक हजार वेळा तोडतो-जोडतो, आणि हे तुकडे फेराइटच्या लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून जाऊन कमी व्होल्टेजच्या रूपात बाहेर येतात. तोडजोडीचा वेग इतका मोठा असल्यामुळेच ट्रान्सफॉर्मर एवढा लहान ठेवता येतो, यंत्र हलके आणि स्वस्त होते, आणि १०० ते २४० व्होल्टमधील कोणत्याही देशातील विजेवर चालते. या सोयीची किंमत म्हणून त्या तोडजोडीचे उच्च वारंवारितेचे अवशेष जमिनीच्या (ग्राउंडच्या) तारेसह सर्वत्र पसरतात.

याउलट, पुनर्रचनेत सहसा त्याच्या जागी बसवल्या जाणाऱ्या लिनियर पुरवठ्यात ५० हर्ट्झवर चालणारा जड ट्रान्सफॉर्मर, त्यामागे प्रत्यावर्ती वीज एकदिश करणारा रेक्टिफायर, मोठे फिल्टर कंडेन्सर आणि शेवटी व्होल्टेज स्थिर राखणारा रेग्युलेटर अशी रचना असते. ओप्पो कंपनीच्या बीडीपी-१०५ या प्लेअरमध्ये ॲनालॉग ध्वनिमंडलासाठी टोरॉइडल, म्हणजे कड्याच्या आकाराच्या गाभ्यावर गुंडाळलेल्या ट्रान्सफॉर्मरचा लिनियर पुरवठा होता आणि डिजिटल भागासाठी वेगळा एसएमपीएस होता. हौशी कारागीर जे घरी करू पाहतात, त्याचे हे कारखान्यातले अत्यंत समंजस उदाहरण म्हणावे लागेल. रेग्युलेटरची निवड हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. एलएम३१७ ही जुनी आणि सर्वत्र मिळणारी चिप तिच्या ॲडजस्ट टोकावर १० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर जोडताच १०० ते १२० हर्ट्झच्या लहरीचे दमन सुमारे ६५ डेसिबलवरून ८० डेसिबलवर नेते. अभियंते वॉल्ट युंग यांनी १९९५ मध्ये 'द ऑडिओ अमॅच्युअर' या नियतकालिकात मांडलेल्या ऑप-ॲम्प या वर्धक चिपवर आधारलेल्या रेग्युलेटरांनी ही मर्यादा आणखी पुढे ढकलली, आणि आजच्या एलटी३०४५ या चिपचा स्वतःचा गोंगाट अवघा ०.८ मायक्रोव्होल्ट आहे.

तथापि लिनियर पुरवठा सर्वत्र श्रेष्ठ असतो ही समजूत महाराष्ट्रातील वीज पाहता तपासून घ्यावी लागते. ९ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरमधून २३० व्होल्टवर, रेक्टिफायरमधील घट वजा जाता, सुमारे ११ व्होल्ट मिळतात आणि ७८०५ या रेग्युलेटरला ५ व्होल्ट देण्यासाठी लागणारे किमान ७ व्होल्ट सहज सुटतात. उन्हाळ्यात शेतीपंप सुरू होऊन गावातील व्होल्टेज १८० वर उतरले, की तेच ११ व्होल्ट साडेआठच्या आसपास येतात. एक अँपिअर भारावर ४,७०० मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरवरील लहर दोन व्होल्टच्या घरात असल्याने तिचा तळ ७ व्होल्टच्या खाली जातो, आणि रेग्युलेटर हात टेकून १०० हर्ट्झची गुणगुण सरळ पुढे पाठवतो. मूळ एसएमपीएसला हीच घसरण जाणवतसुद्धा नाही. जास्त व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर घेतला तर उरलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बंद पेटीत साठते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक बाजारात ट्रान्सफॉर्मर निवडताना हा हिशेब आधी मांडलेला असणे, महागड्या सुट्या भागांपेक्षा कितीतरी अधिक मोलाचे आहे.

संदर्भ-व्होल्टेजइतकीच नाजूक दुसरी जागा म्हणजे घड्याळ, म्हणजे प्रत्येक नमुना नेमक्या क्षणी बाहेर पडावा यासाठी ठेका धरणारा स्फटिक. पुरवठ्यातील खरखर या ठेक्याला हलवते, आणि त्या हलण्याला 'जिटर' म्हणतात. २० किलोहर्ट्झच्या पूर्ण पातळीच्या स्वरात केवळ २४० पिकोसेकंदांची चूक १६ बिटांतील एका पायरीएवढी त्रुटी निर्माण करते, आणि एक पिकोसेकंद हा सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग असतो. डीव्हीडी प्लेअरमध्ये चित्र आणि ध्वनी या दोहोंच्या मुळाशी सहसा २७ मेगाहर्ट्झचे एकच घड्याळ असते, म्हणून त्याला स्वतंत्र, स्वच्छ रेग्युलेटर देणे हा थोडक्या खर्चात होणारा सर्वांत तर्कसंगत बदल आहे.

चित्राच्या बाबतीत मात्र सरसकट दावे करणे अप्रामाणिकपणाचे होईल. कंपोझिट किंवा कंपोनंट जोडणीतून जाणारा संकेत ॲनालॉग असतो आणि त्याची संपूर्ण व्याप्ती १ व्होल्टच्या आसपास असते. त्यात पुरवठ्याची लहर मिसळली, तर पडद्यावर सावकाश सरकणारे आडवे पट्टे किंवा तिरप्या बारीक रेषांचे जाळे उघड दिसते, आणि पुरवठा सुधारताच ते जाते. एचडीएमआयमधून चित्र अंकांच्याच रूपात जाते, तेव्हा नव्या पुरवठ्याने रंग अधिक गहिरे झाल्याचे म्हणणे यंत्राच्या रचनेत बसत नाही.

प्रत्यक्ष कामात अडचणी अनपेक्षित ठिकाणी येतात. मूळ पुरवठ्यातून ५ आणि १२ व्होल्टखेरीज स्टँडबायची वेगळी तार, मुख्य पुरवठा चालू करण्याचा आदेश आणि जुन्या प्लेअरांत प्रकाशमान काचेच्या डिस्प्लेसाठी वीस-पंचवीस ऋण व्होल्ट आणि फिलामेंटचा पुरवठाही निघत असतो. हे न ओळखता सप्लायचे बोर्ड काढून टाकले, तर यंत्र मुके होते. मोटर आणि लेन्सच्या कॉइलमधला सतत बदलणारा प्रवाह ध्वनिमंडलाच्या जमिनीच्या तारेतून परत येऊ देणे ही तितकीच मोठी चूक होय. मोटरची आणि ध्वनिमंडलाची जमिनीची तार वेगळी ठेवून दोन्ही एकाच बिंदूवर जोडाव्या लागतात. एसएमपीएसच्या मुख्य कंडेन्सरमधील ३२५ व्होल्ट प्लग काढल्यानंतरही काही काळ तसेच राहू शकतात, म्हणून रेझिस्टरमधून तो रिकामा करून मीटरने खात्री केल्याशिवाय आत बोट घालणे प्राणावर बेतू शकते.

ओप्पोने २०१८ मध्ये नव्या प्लेअरांची निर्मिती थांबवली, आणि चांगल्या प्रतीची जुनी यंत्रे टिकवून ठेवण्याला तेव्हापासून अधिकच महत्त्व आले आहे. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचे आयुष्य दर १० अंशांच्या तापमानवाढीला साधारण निम्मे होत जाते, आतील द्रव सुकतो, अंतर्गत रोध वाढतो आणि मूळचा चांगला पुरवठाही गढूळ होतो. त्यामुळे पुनर्रचनेला हात घालण्यापूर्वी जुने कंडेन्सर १०५ अंशांच्या, कमी अंतर्गत रोधाच्या नव्या कंडेन्सरांनी बदलून ऑसिलोस्कोपवर आधीची आणि नंतरची लहर मोजावी. पुष्कळ यंत्रांत त्यानंतर ट्रान्सफॉर्मर विकत घेण्याचे कारणच उरत नाही.