पेशींची घरसफाई : ऑटोफॅजी, आजार आणि उपचार

गेली काही वर्षे पर्युषण जवळ आले की भ्रमणध्वनीवर एक संदेश हमखास फिरू लागतो. 'उपवासाने कर्करोग बरा होतो हे सिद्ध करणाऱ्या जपानी शास्त्रज्ञाला नोबेल पारितोषिक मिळाले', असा त्याचा आशय असतो. वाचून आनंद होतो आणि तो तत्काळ पुढे पाठविला जातो. परंतु याच संदेशाच्या भरवशावर औषध बंद करणारे, किंवा मधुमेहाची गोळी घेऊन निराहार राहणारे ज्येष्ठ आपल्या घरांतही आढळतात. हुंडी हातात आली की ती कोणी लिहिली आणि किती रकमेची लिहिली, हे पाहिल्याशिवाय व्यापारी ती स्वीकारीत नाही. आरोग्यविषयक संदेशालाही हाच नियम लावला पाहिजे.

नोबेल नेमके कशासाठी?

आपल्या शरीरातील प्रत्येक पेशी हा एक लहानसा कारखाना आहे. त्यात रोज नवी प्रथिने तयार होतात, जुनी झिजतात आणि काही सदोष निघतात. हा निकामी माल साठत राहिला तर कारखाना चालणार नाही. म्हणून पेशी त्याच्याभोवती दुहेरी पटलाची एक पिशवी तयार करते आणि ती पिशवी लयकारिकेपर्यंत, म्हणजे लायसोझोमपर्यंत, नेऊन पोहोचविते. तेथील विकरे त्या मालाचे मूळ घटकांत विघटन करतात आणि ते घटक नव्या बांधणीसाठी किंवा ऊर्जेसाठी पुन्हा वापरले जातात. भंगार वितळवून नवी भांडी घडविण्यासारखीच ही क्रिया आहे. तिला 'ऑटोफॅजी', म्हणजे स्वभक्षण, असे म्हणतात.

बेल्जियमचे शास्त्रज्ञ ख्रिस्तियान द द्यूव यांनी 1955 मध्ये लयकारिकेचा शोध लावला आणि 1963 मध्ये या क्रियेला हे ग्रीक नाव दिले. 1974 च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी होते. मात्र ही क्रिया कोणत्या जनुकांच्या आदेशाने चालते, हे पुढे अनेक वर्षे अज्ञातच राहिले.

ते कोडे योशिनोरी ओसुमी यांनी सोडविले. 1988 मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी टोकियो विद्यापीठात स्वतःची प्रयोगशाळा सुरू केली. त्यांनी अभ्यासासाठी माणूस निवडला नाही, उंदीरही नाही. पाव फुगविण्यासाठी जे किण्व, म्हणजे यीस्ट, वापरतात, त्याच्या पेशींवर त्यांनी काम केले. विघटन करणारी विकरे ज्यांच्यात नाहीत अशा किण्वपेशी त्यांनी घेतल्या आणि त्यांचे पोषण तोडले. कचरा आत येत राहिला पण त्याचे विघटन होईना. काही तासांतच रिक्तिका लहान लहान पिशव्यांनी भरून गेल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या स्पष्ट दिसू लागल्या. हे काम 1992 मध्ये प्रसिद्ध झाले. 1993 मध्ये त्यांनी या क्रियेसाठी अत्यावश्यक असलेल्या पंधरा जनुकांचा मागोवा प्रसिद्ध केला. त्याबद्दल 2016 चे शरीरक्रियाशास्त्र व वैद्यकाचे नोबेल त्यांना एकट्याला मिळाले. ते पेशीतील यंत्रणा उलगडल्याबद्दल होते. मानवी उपवासाचा किंवा कर्करोगाच्या उपचाराचा प्रयोग त्यात नव्हता.

उपाशीपणाशी संबंध

मग उपवासाचा यात काहीच संबंध नाही काय? संबंध निश्चित आहे. अन्न मुबलक असताना इन्सुलिन आणि अमिनो आम्ले यांच्या इशाऱ्यावर 'एम-टॉर' नावाचे प्रथिन कार्यरत राहते. ते पेशीला वाढीचा आदेश देते आणि ऑटोफॅजीला आवर घालते. अन्न थांबले की इन्सुलिन उतरते, ग्लुकॅगॉन वाढते, एम-टॉर मंदावते आणि सफाई वेग घेते. जन्मानंतर नाळ तुटते तेव्हा नवजात जिवाचा पोषणपुरवठा अकस्मात थांबतो. जपानी संशोधकांनी 2004 मध्ये दाखविले, की ऑटोफॅजीचे एक आवश्यक जनुक नसलेली उंदराची पिले जन्मानंतर साधारण दिवसभरातच दगावतात. इतकी ही यंत्रणा जीवनावश्यक आहे.

मात्र उंदराचा चोवीस तासांचा उपास आणि माणसाचा चोवीस तासांचा उपास एक नव्हेत. उंदराचा चयापचय अतिशय वेगवान असतो आणि एका दिवसाच्या उपाशीपणात त्याचे वजन लक्षणीय घटते. माणसाच्या यकृतात किंवा मेंदूत चालू असलेली ऑटोफॅजी मोजणारी, रक्तातील साखरेसारखी सोपी व सर्वमान्य चाचणी आज उपलब्ध नाही. त्यामुळे 'सोळाव्या तासाला ऑटोफॅजी सुरू, अठ्ठेचाळिसाव्या तासाला दुप्पट' अशा कोष्टकांना आधार नाही. शिवाय ही क्रिया विजेच्या दिव्यासारखी बंद किंवा चालू होत नाही. ती मंद गतीने सदैव सुरूच असते. व्यायामानेही ती वाढते. उंदरांच्या स्नायूंत हे 2012 मध्ये दिसून आले आहे.

सफाई बिघडली तर

आपली बहुतेक चेतापेशी आयुष्यभर तीच राहते. त्वचेच्या पेशींसारखी ती सतत बदलली जात नाही. त्यामुळे सफाई अडली की तिचे नुकसान अधिक होते. 2006 मध्ये दोन जपानी गटांनी उंदरांच्या केवळ चेतापेशींतील ऑटोफॅजी बंद केली, तेव्हा त्या पेशींत प्रथिनांच्या गाठी साठल्या आणि मेंदूचा ऱ्हास होऊ लागला. अल्झायमर आणि पार्किन्सन या आजारांतही प्रथिनांचा असाच साठा आढळतो. 'पिंक-1' आणि 'पार्किन' ही दोन जनुके बिघडलेल्या तंतुकणिका, म्हणजे पेशीची ऊर्जाकेंद्रे, वेचून काढण्याच्या कामी येतात. त्यांतील आनुवंशिक दोषांमुळे काहींना तरुण वयातच पार्किन्सन होतो.

ऑटोफॅजी जंतूंविरुद्धही लढते. क्षयाचा जंतू आपल्या संरक्षक पेशींतच दडून बसतो. 2004 मधील प्रयोगांत ऑटोफॅजी वाढविल्यावर त्या पेशींना जंतूचा नाश करणे सुकर झाले. आतड्याच्या क्रोन्स आजाराचा धोकाही ऑटोफॅजीच्या एका जनुकातील फरकाशी निगडित असल्याचे 2007 मध्ये आढळले.

कर्करोगाच्या बाबतीत मात्र ही तलवार दुधारी ठरते. अमेरिकन संशोधक बेथ लेव्हिन यांनी 1999 मध्ये दाखविले, की 'बेक्लिन-1' हे ऑटोफॅजीचे जनुक गाठींच्या वाढीला अटकाव करते. म्हणजे आरंभी सफाई रक्षण करते. परंतु एकदा गाठ रुजली की कर्कपेशीही हीच यंत्रणा वापरतात. रक्तपुरवठा अपुरा असला आणि औषधांचा मारा होत असला, तरी त्या स्वतःचेच घटक पचवून तग धरतात. म्हणूनच अनेक कर्करोगांत ऑटोफॅजी वाढविण्याऐवजी रोखण्याचे प्रयत्न चालू आहेत. 'उपवासाने ऑटोफॅजी वाढते, म्हणून कर्करोग बरा होतो' हा हिशेब येथेच चुकतो.

उपचार कोठवर आले?

ईस्टर बेटावरील मातीतील जिवाणूपासून मिळालेले रॅपामायसिन हे औषध एम-टॉरला रोखते आणि त्यायोगे ऑटोफॅजी वाढविते. 2009 मध्ये ते दिल्याने वयस्क उंदरांचे आयुष्य वाढल्याचे दिसले. परंतु मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणानंतर हे औषध वापरतात ते प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी. तेव्हा निरोगी माणसाने ते टॉनिक म्हणून घेणे धोक्याचे होय. हिवताप आणि संधिवातात वापरले जाणारे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन याउलट लयकारिकेचे काम अडविते. कर्करोगाच्या औषधांच्या जोडीने त्याच्या चाचण्या झाल्या, पण निष्कर्ष संमिश्र आहेत. केवळ ऑटोफॅजी वाढविण्यासाठी किंवा रोखण्यासाठी म्हणून मान्यता मिळालेले औषध अद्याप बाजारात नाही. या नावाने कोणी चूर्ण अथवा कॅप्सूल विकत असेल तर त्याला पुरावा मागावा.

तपस्वी आणि त्यांचे कुटुंबीय

आपल्याकडे तप केले जाते ते कर्मनिर्जरेसाठी. त्याला प्रयोगशाळेच्या दाखल्याची गरज नाही आणि नोबेलचे नाव जोडल्याने त्याचे मोल वाढत नाही. पण तप करणारे शरीर औषधे घेत असेल, तर वैद्यकाचे नियम त्यालाही लागू होतात. म्हणून पर्युषणापूर्वी किमान पंधरा दिवस आधी डॉक्टरांकडे जाऊन पुढील गोष्टी विचाराव्यात.

इन्सुलिन, ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड घेणाऱ्यांची साखर उपवासात एकाएकी उतरू शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वागणे ही तिची लक्षणे. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या वर्गातील औषधे चालू असता निराहार राहिल्यास रक्तातील आम्लता धोकादायक वाढू शकते आणि साखर फारशी चढलेली नसतानाही हे घडते. रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी चालू असेल तर चौविहार उपवासात शरीर कोरडे पडून चक्कर येण्याचा आणि मूत्रपिंडावर ताण पडण्याचा संभव असतो. कोणती गोळी थांबवायची, कोणती कमी करायची, हे डॉक्टरांनीच ठरवावे. गर्भवती, स्तनदा माता, वाढीच्या वयातील मुले आणि कर्करोगाचे उपचार घेणारे यांनी तर या सल्ल्याशिवाय दीर्घ तपाचा विचारही करू नये.

साखर तपासण्याचे यंत्र घरात ठेवावे. ती 70 मिलिग्रॅमच्या खाली किंवा 300 च्या वर गेली, तर उपवास सोडावा व डॉक्टरांशी संपर्क साधावा. साखर उतरलेली व्यक्ती शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता तत्काळ रुग्णालयात न्यावे. पच्चक्खाणातही आगार ठेवलेले आहेत. प्रकृतीची अडचण असेल तर गुरुमहाराजांना आधीच विचारून घ्यावे.

पारण्याविषयी एक सूचना. पाच दिवसांहून अधिक काळ अन्न नसलेल्या शरीरात एकदम भरपूर आहार गेला, तर रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम झपाट्याने घसरून हृदयावर परिणाम होऊ शकतो. अठ्ठाईनंतर मुगाच्या पाण्यासारख्या हलक्या आहाराने, थोड्या थोड्या प्रमाणात पारणे करण्याची आपली रीत याच कारणाने हितकारक आहे. तेव्हा पारण्याच्या दिवशी तपस्वींना पक्वान्नांचा आग्रह करू नये. मासक्षमणासारख्या तपानंतर तर पहिले काही दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच आहार वाढवावा.