शब्द एक, अर्थ गावोगावी वेगळा



आपले हिमायतनगर हैदराबादेत आहे, तसा नांदेड जिल्ह्यातही हिमायतनगर नावाचा तालुका आहे. नुसते ‘हिमायतनगर’ म्हटले की ऐकणारा आपापल्या ओळखीच्या गावाला पोहोचतो. शब्दांचेही असेच होते. त्यातही लाडाने, प्रेमाने किंवा चेष्टेने वापरले जाणारे बोलीतले शब्द गाव बदलले की चटकन अर्थ बदलतात. वयात येणाऱ्या मुलामुलींनी हे नीट समजून घ्यायला हवे, कारण अशा एखाद्या शब्दाने मनही दुखावते आणि मैत्रीही तुटते.

‘पोट्टी’ हा शब्द घ्या. वऱ्हाडात आजी कौतुकाने ‘आमची पोट्टी’ म्हणते, म्हणजे आमची मुलगी. तेलुगूत ‘पोट्टी’ म्हणजे बुटकी. आणि हैदराबादच्या रस्त्यावर टवाळ मुले एखाद्या मुलीविषयी ‘पोट्टी’ म्हणतात, तेव्हा त्यात हलकेपणा असतो. तसेच ‘पोरी’. मराठी घरात ‘पोरी, जेवलीस का?’ यात माया आहे. तेलंगणाच्या बोलीत मात्र अनोळखी मुलीला ‘पोरी’ म्हटले तर ते उद्धटपणाचे वाटते. नागपूरकडे मित्र एकमेकांना ‘बे’ म्हणतात. तोच ‘बे’ इतरत्र कानाला अपमानासारखा लागतो.

वेडेपणाच्या शब्दांत तर फारच गंमत आहे. पुणे-मुंबईकडे ‘येडा’, कोल्हापूरकडे ‘खुळा’, आपल्या शहरात ‘हौला’. ‘वेडी कुठली!’ असे नवरा बायकोला हसून म्हणतो तेव्हा ते प्रेम असते. वर्गात चारचौघांत तेच म्हटले तर अपमान होतो. म्हणजे अर्थ केवळ गावावर नाही, तर नात्यावर आणि प्रसंगावरही ठरतो.

असे का होते? पुस्तकातला शब्द शाळा, कोश आणि वर्तमानपत्रे यांमुळे बराचसा स्थिर राहतो. बोलीतला शब्द तोंडोतोंडी फिरतो आणि शेजारच्या भाषांचा रंग घेतो. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. मराठी, तेलुगू, कानडी आणि दख्खनी बोलणारे लोक अनेक पिढ्या एकाच बाजारात, एकाच कचेरीत वावरले. म्हणून दख्खनीत आपला ‘नको’ ‘नक्को’ होऊन बसला आणि आपला ‘च’ ‘मैंइच’, ‘वोइच’ अशा रूपांत शिरला. आपली मुले पुण्याला शिकायला गेली की त्यांच्या बोलण्याला कधी कधी हसतात. मुलांनो, त्यात लाजण्यासारखे काही नाही. ती चूक नसून या शहराच्या इतिहासाची खूण आहे.

हे केवळ आपल्याकडेच घडते असेही नाही. स्पॅनिश भाषा स्पेनमध्ये आणि अमेरिका खंडातील अनेक देशांत बोलली जाते. स्पेनमध्ये ‘ग्वापो’ म्हणजे देखणा. क्युबात त्याच शब्दाचा अर्थ दांडगट, भांडखोर असा होतो. स्पेनमध्ये ‘नोव्हिओ’ म्हणजे प्रियकर; चिलीत ‘नोव्हिओ’ म्हणजे लग्न ठरलेला, आणि नुसत्या प्रियकराला तेथे ‘पोलोलो’ म्हणतात. अर्जेंटिनात नवरा बायकोला लाडाने ‘गोर्दा’ म्हणजे ‘जाडे’ म्हणतो आणि तिला राग येत नाही!

स्त्रीच्या रूपाची वाटेवर केलेली स्तुती, तिला स्पॅनिशमध्ये ‘पिरोपो’ म्हणतात. पूर्वी पुष्कळ पुरुष ते रसिकतेचे लक्षण मानत. पण ऐकणाऱ्या स्त्रियांनी त्रास होतो असे सांगितले आणि अर्जेंटिनाची राजधानी ब्यूनोस आयर्स येथे २०१६ मध्ये रस्त्यावरील छळाविरुद्ध कायदा झाला. आपल्या शहरातही २०१४ पासून पोलिसांची ‘शी टीम्स’ पथके याच कामासाठी आहेत. स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूने उच्चारलेला शब्द हा गुन्हा आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ५०९ खाली येई. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ खाली येतो. तेव्हा ‘आमच्याकडे असेच बोलतात’ हे उत्तर नेहमी पुरत नाही.

पालकांना एक विनंती. मुलांच्या तोंडी नवा शब्द आला की लगेच रागावू नका. तो कुठे ऐकला, कोण कोणाला म्हणते, ऐकणाऱ्याला कसे वाटते, हे विचारा. घरातला मराठी शब्द आणि रस्त्यावरचा शब्द यांतला फरक त्यांना अशाच गप्पांतून कळेल.

आणि विद्यार्थ्यांनो, आपण काय म्हणालो याइतकेच समोरच्याने काय ऐकले हेही महत्त्वाचे आहे. शंका आली तर विचारा, दुखावले असेल तर माफी मागा. आणि कोणी ‘नको’ म्हणाले तर तेथेच थांबा. मराठी घरात ‘नको’ आणि चारमिनारला ‘नक्को’, या एका शब्दाचा अर्थ मात्र दोन्हीकडे सारखाच आहे.