गाडीत दुसरी बॅटरी लावताय? आधी चार्जिंगचं गणित समजून घ्या

फोनची बॅटरी १५ टक्क्यांवर आली की आपण चार्जर शोधायला लागतो. गाडीच्या बॅटरीकडे मात्र कुणी ढुंकूनही बघत नाही, जोपर्यंत ती दगा देत नाही. मला तो अनुभव मार्चअखेरीस आला. जैसलमेरजवळ सम इथे गाडीतच मुक्काम होता. रात्रभर १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज चालू होता आणि फ्रिजमध्ये बाबांच्या इन्सुलिनची पेनं होती. सकाळी चावी फिरवली तर नुसता टक-टक आवाज! एका ट्रकवाल्या दादांनी जंप स्टार्ट दिला म्हणून निभावलं. चूक माझीच होती. फ्रिजचं बॅटरी प्रोटेक्शन मी ‘लो’वर ठेवलं होतं, म्हणजे बॅटरी पार पिळून निघेपर्यंत फ्रिज बंदच होणार नव्हता.

आता बाबांना घेऊन स्पितीला जायचंय, त्यामुळे ड्युअल बॅटरी हवीच. ती चार्ज कशी करायची, हा खरा प्रश्न आहे.

ड्युअल बॅटरी कशासाठी?

गाडीची मूळ बॅटरी स्टार्टरसाठी बनवलेली असते. काही सेकंद शेकडो अँपिअर करंट द्यायचा, मग अल्टरनेटरने तिला पुन्हा भरायचं, एवढंच तिचं काम. तासन् तास थोडा-थोडा करंट काढून ती रिकामी केली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणून फ्रिज, लाइट, पंखा, चार्जिंग यांच्यासाठी वेगळी बॅटरी लावतात. इंजिन चालू असताना दोन्ही चार्ज होतात. इंजिन बंद झालं की दोघी वेगळ्या होतात. रात्री दुसरी बॅटरी संपली तरी सकाळी गाडी सुरू होते.

आधी तुमची गरज मोजा

फोनमुळे आपल्याला एमएएचची सवय लागलीय, पण व्होल्टेज वेगळं असेल तर एमएएचची तुलना फसवी ठरते. तुलना वॉट-अवरमध्ये करा. ५००० एमएएचचा फोन म्हणजे साधारण १९ वॉट-अवर. १०० अँपिअर-अवरची १२.८ व्होल्टची लिथियम बॅटरी म्हणजे १२८० वॉट-अवर.

आमचा एका दिवसाचा हिशेब असा:

- ४० लिटरचा फ्रिज, गरम हवेत: सुमारे ३५ अँपिअर-अवर
- तीन फोन, चार्जिंगमधला लॉस धरून: ६
- एक लॅपटॉप: ६
- एलईडी लाइट, १० वॉट, ४ तास: ३
- छोटा पंखा, १५ वॉट, ६ तास: ७

एकूण ५७ अँपिअर-अवर. यातला सगळ्यात मोठा वाटा फ्रिजचा आहे आणि आमच्या बाबतीत तोच बंद पडून चालणार नाही.

एजीएम की लिथियम?

एजीएम ही लेड-अ‍ॅसिडचीच सीलबंद बहीण. ती टिकवायची तर साधारण अर्धीच वापरायची, म्हणजे १०० मधले ५०. आमचा एक दिवसही निघत नाही. वजनही २८-३० किलो. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ८० टक्के बिनधास्त वापरता येते आणि वजन अर्ध्याहून कमी. ती महाग आहे, पण वर्षानुवर्षं चालते.

तिची एक अट मात्र आहे: शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नाही, सेल कायमचे खराब होतात. स्पितीत पहाटे हा धोका खरा आहे. म्हणून लो-टेम्परेचर कट-ऑफ असलेलं बीएमएस हवंच. आणि बॅटरी बॉनेटखाली नको, केबिनमध्ये ठेवा. बॉनेटखालची उष्णताही तिला मानवत नाही.

चार्जिंगचे तीन मार्ग

१. मॅन्युअल स्विच. दोन बॅटऱ्यांमध्ये एक मोठा स्विच. स्वस्त आणि साधा. पण थकून-भागून कॅम्पवर पोचल्यावर तो बंद करायला विसरलात की दोन्ही बॅटऱ्या रिकाम्या.

२. व्होल्टेज सेन्सिटिव्ह रिले, म्हणजेच व्हीएसआर. मुख्य बॅटरीचं व्होल्टेज साधारण १३.३ च्या वर गेलं की रिले दोन्ही बॅटऱ्या जोडतो, १२.८ च्या आसपास उतरलं की तोडतो. जुनी गाडी आणि एजीएम बॅटरी असेल तर हा आजही चांगला पर्याय आहे.

३. डीसी-डीसी चार्जर. हा खऱ्या अर्थाने चार्जर आहे. आत १२.५ व्होल्ट येवो की १५, बाहेर तो बॅटरीला हवं तेच व्होल्टेज आणि ठरलेलाच करंट देतो. व्हिक्ट्रॉन, रेडआर्क, सीटेक या कंपन्या असे चार्जर बनवतात. काही मॉडेलमध्ये सोलर पॅनल जोडायचीही सोय असते.

मग रिले का नको?

आमचा इलेक्ट्रिशियन म्हणाला, "दादा, रिले टाकून देतो, एकदम ओके चालेल." मी जवळजवळ हो म्हणालो होतो. पण त्याआधी सिगारेट लायटर सॉकेटमध्ये व्होल्ट दाखवणारा छोटा मीटर लावला आणि हायवेवर शेजारी बसलेल्या भावाला आकडे लिहायला सांगितलं. गाडी सुरू केल्यावर १४.३. अर्ध्या तासाने, एका वेगात जाताना १२.७. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला की पुन्हा १४ च्या वर.

याला म्हणतात स्मार्ट अल्टरनेटर. एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. इंधन आणि उत्सर्जन कमी करण्यासाठी अशा अनेक गाड्यांमध्ये ईसीयू अल्टरनेटरचं व्होल्टेज गरजेप्रमाणे वर-खाली करतो. १२.७ ला रिले तुटणार, म्हणजे दिवसभर गाडी चालवूनही दुसरी बॅटरी अर्धवटच राहणार. शिवाय रिकामी लिथियम बॅटरी थेट जोडली तर ती प्रचंड करंट ओढते. घाटात ट्रॅफिकमध्ये इंजिन आयडलवर असताना अल्टरनेटर तापून जळूही शकतो. डीसी-डीसी चार्जर करंटला मर्यादा घालतो, त्यामुळे हा धोका टळतो.

किती अँपिअरचा घ्यायचा?

आम्ही २५ अँपिअरचा ठरवला. ५७ अँपिअर-अवर भरायला साधारण अडीच तास ड्रायव्हिंग लागेल, आणि स्पितीच्या रस्त्यांवर तेवढं रोज होतंच. एकाच जागी दोन-तीन दिवस मुक्काम असेल तर मात्र सोलर पॅनल जोडा. स्मार्ट अल्टरनेटर असेल तर चार्जरला इग्निशनची वायरही द्यावी लागते, नाहीतर इंजिन चालू आहे की बंद हे त्याला नीट कळत नाही.

वायर आणि फ्यूजमध्ये कंजुषी नको

२५ अँपिअर बाहेर द्यायला चार्जर आत ३० च्या आसपास ओढतो. बॉनेटपासून डिकीपर्यंत जाऊन-येऊन १० मीटर वायर धरली, तर ४ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरमध्ये सुमारे १.३ व्होल्ट वाया जातात आणि वायर तापते. १० स्क्वेअर एमएममध्ये हाच लॉस अर्ध्या व्होल्टवर येतो. म्हणून किमान १० घ्या.

वायरच्या दोन्ही टोकांना, प्रत्येक बॅटरीच्या अगदी जवळ, फ्यूज हवा. आमच्यासाठी ४० अँपिअरचा. वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर आग लागण्याआधी फ्यूज उडतो. आणि नवी गाडी असेल तर वॉरंटीचे नियम आधी वाचा.

थोडक्यात

जुनी गाडी, एजीएम बॅटरी: रिले पुरेसा. बीएस-६ गाडी किंवा लिथियम बॅटरी: डीसी-डीसी चार्जर. वर्षातून एकदाच ट्रिप आणि फक्त फोन, लाइट: मग वायरिंगच्या भानगडीत न पडता पोर्टेबल पॉवर स्टेशन घ्या. फक्त लायटर सॉकेटवरून ते हळूहळू, साधारण १०० वॉटनेच भरतं हे लक्षात ठेवा.

इन्सुलिनसारखं औषध नेत असाल तर बॅटरी कितीही भारी असली तरी एक इन्सुलेटेड पाउच आणि आइस पॅक सोबत ठेवाच. पेनं फ्रिजच्या थंड भिंतीला किंवा आइस पॅकला थेट चिकटवू नका, गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही. आणि फ्रिजचं बॅटरी प्रोटेक्शन निघायच्या आधी तपासा. मी ते आता ‘हाय’वर ठेवलंय.