चौकातला फळा

पहाटे साडेपाचला आमच्या महालातल्या चौकात जागी असणारी मंडळी मोजून तीन: दूधवाला, तर्री-पोह्याच्या गाडीवर शेगडी पेटवणारा भाऊ आणि मी. त्या दोघांना पोट आहे म्हणून उठावे लागते. मला फळा आहे म्हणून.

फळा म्हणजे काही मोठे प्रकरण नव्हे. एका जुन्या वाड्याच्या भिंतीवर ठोकलेला चार फूट रुंद, तीन फूट उंच लाकडी तक्ता, वर पावसापासून आडोसा म्हणून वाकवलेला पत्रा, खाली खडू ठेवायला फळी. त्याचे मी रोज चार भाग करतो. डाव्या अंगाला वरती तिथी-वार, त्याखाली 'आजच्या दिवशी', उजवीकडे 'ठाऊक आहे का?' आणि शेवटी 'थोडे हसा'. चौथ्या भागाला गर्दी सर्वांत जास्त. पहिल्या तीन भागांवर माझे डोके चालते आणि चौथ्यावर लोकांचे पाय थांबतात, हे मी आता निमूटपणे मान्य केले आहे. मी आयुष्यात एक दिवसही शाळेत शिकवले नाही. बँकेत खाती जुळवली. पण हातात खडू दिसतो म्हणून सारा मोहल्ला मला 'गुरुजी' म्हणतो, आणि आता घरच्यांनीही ते मनावर घेतले आहे.

हा फळा मला वारशाने मिळाला. तो सुरू केला पोस्टातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी. पत्रे निवडून योग्य थैलीत टाकण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली होती, आणि त्यांची आवडती माहिती एकच: १९४९ साली सुरू झालेली रात्रीची विमान टपाल. मध्यरात्रीच्या सुमारास दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारही दिशांनी विमाने आमच्या सोनेगावच्या विमानतळावर उतरायची, आपापल्या थैल्यांची अदलाबदल करायची आणि उजाडायच्या आत माघारी जायची. "सारा देश झोपला असता त्याची पत्रे नागपुरात एकमेकांना भेटत होती," असे ते सांगत, आणि सांगताना त्यांच्या डोळ्यांत अजूनही ती विमाने उतरत असत. ही माहिती त्यांनी फळ्यावर दरवर्षी लिहिली. कोणी म्हणाले, "गेल्या वर्षीही हेच होते," तर ते शांतपणे म्हणत, "गेल्या वर्षी तुम्ही वाचले, म्हणून तर आठवले." १९९४ साली हात थरथरू लागला तेव्हा त्यांनी मला खडूची पेटी दिली आणि एकच अट घातली: "खात्री नसेल तर जागा कोरी ठेवा. कोऱ्या जागेने कोणाचे वाईट होत नाही."

अट ऐकायला सोपी आहे. पाळून पाहा!

नागपूरकराला आपल्या गावाविषयी जे जे ठाऊक असते त्यात पहिला मान 'झिरो माइल'चा. मीही एकदा ऐटीत लिहिले: 'भारताचा मध्यबिंदू आपल्या नागपुरात आहे.' संध्याकाळी समोरच्या वाड्यातली आठवीतली मुलगी आली. "आजोबा, मध्य कोणत्या भारताचा?" मी म्हटले, "म्हणजे काय? भारत एकच!" ती म्हणाली, "पण दगड तर इंग्रजांच्या वेळचा आहे न?" मी चष्मा पुसू लागलो. माणूस अडचणीत आला की चष्मा पुसतो. पोरीचे खरे होते. तिथल्या दगडावर १९०७ साल कोरलेले आहे. त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची ती खूण. शेजारच्या खांबावर जबलपूर १७० मैल, हैदराबाद ३१८ मैल अशी अंतरे आहेत. पण त्या काळी हिंदुस्थानच्या नकाशात लाहोर होते आणि ढाकाही होते. नकाशाच्या कडा बदलल्या तर मध्य जागच्या जागी कसा राहील? दुसऱ्या दिवशी मी दुरुस्ती लिहिली. त्यावर पोह्याच्या गाडीवाल्या भाऊंनी नाराजी व्यक्त केली. "गुरुजी, काऊन आपल्या गावचं कमी करून राहिले? इतकी वर्षं मध्यावर होतो न आपण!"

दुसरा प्रसंग २०२४ च्या मे अखेरचा. नागपूरच्या उन्हाचे कौतुक आम्हाला इतरांपेक्षा थोडे जास्तच. त्या दिवशी प्रत्येकाच्या मोबाइलवर एकच आकडा: नागपुरात ५६ अंश! लोक फळ्यापाशी येऊन मला तो दाखवू लागले. एका वकीलसाहेबांनी तर खडू हातात घेतला. मी म्हटले, एक दिवस थांबा. "एक दिवस थांबायला तुमचा फळा काय आठवड्याचा बाजार आहे?" असे ते म्हणाले. पुढे खुलासा झाला की स्वयंचलित केंद्रातले यंत्रच बिघडले होते. वकीलसाहेब चार दिवस दुसऱ्या रस्त्याने कचेरीत गेले.

विनोदाच्या बाबतीत मी इतका कडक नाही. तिथे खरे-खोटे पाहिले तर भाग चौथा बंदच करावा लागेल. आजवर सर्वांत जास्त चाललेला विनोद असा: पाहुण्याने विचारले, "तुमच्या नागपुरात ऋतू किती?" यजमान म्हणाले, "तीन. उन्हाळा, जास्त उन्हाळा आणि विधानसभेचे अधिवेशन." हा मी दर डिसेंबरात लिहितो, आणि कोणी तक्रार केली तर पोस्टातल्या गुरूंचे उत्तर तयार ठेवतो. थट्टेची या गावाला परंपराच आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते. काळी १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची असे सांगतात. त्यांच्यासोबत जे बडगे निघतात, ते म्हणजे त्या वर्षीच्या भ्रष्टाचारापासून महागाईपर्यंत साऱ्यांची माणसाएवढी व्यंगचित्रेच. सकाळी वाजतगाजत मिरवायची आणि नंतर जाळायची. कार्टून छापून येण्याची वाट न पाहणारे गाव आहे हे.

पण विनोदानेच माझी एकदा जीभ पोळली. जीभ कसली, हात पोळला. कोपऱ्यावरच्या घरातल्या आजी रात्री दोनला गेल्या. मला पत्ता नाही. पहाटे अंधारात येऊन मी यमदूत आणि डॉक्टर यांचा एक जुना विनोद लिहून गेलो. आठ वाजता त्यांची यात्रा फळ्यावरूनच निघाली. त्यांच्या थोरल्या मुलाने चालता चालता वाचले आणि मान वळवली. तो मला एका शब्दाने काही बोलला नाही. तेराव्याला आवर्जून बोलावले, वाढताना आग्रहही केला. आग्रह होत असताना घास उतरेना. तेव्हापासून मी आधी चौकाला एक फेरी मारतो. कोणाच्या दाराशी बांबू, गवऱ्या, अंगणात अवेळी दिवा दिसतो का ते पाहतो, आणि मगच खडू उचलतो.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो ती सांगतो.

१ जानेवारी हा दिवस माझ्यासाठी सोपा. दरवर्षी एकच मजकूर: '१८७७: नागपुरात एम्प्रेस मिल सुरू.' त्यात गोष्टीही भरपूर. जमशेटजी टाटांनी मुंबई सोडून इथे गिरणी काढली, कारण कापूस इथला, रेल्वे आलेली, जागा मिळण्यासारखी. जागा कसली, जुम्मा तलावाजवळची दलदल! ती भर घालून बुजवावी लागली. त्या वेळी भांडवल द्यायला एका स्थानिक सावकाराने नकार दिला, हा माणूस जमिनीत सोने पुरतो आहे असे तो म्हणाला. पुढे त्यानेच कबूल केले की टाटांनी माती पुरली आणि सोने काढले. ही कथा चरित्रांतून सांगतात. राणी व्हिक्टोरियाला दिल्ली दरबारात सम्राज्ञी म्हणून जाहीर केले त्याच दिवशी गिरणी सुरू झाली, म्हणून नाव एम्प्रेस. कामगारांसाठी १८८६ सालीच पेन्शन फंड. मी हे सारे वर्षाआड आलटून पालटून लिहीत असे.

एका १ जानेवारीला मी हात झटकून मागे वळलो तर एक म्हातारे गृहस्थ उभे. डोक्याला मफलर, हातात दुधाची बरणी. त्यांना मी रोज पाहत होतो. ते फळा मोठ्याने वाचतात, म्हणजे आजूबाजूच्या ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही कळते. त्या दिवशी मात्र त्यांनी मनातच वाचले.

"गुरुजी, एक विचारू?"

"विचारा न."

"सुरू झाल्याची तारीख तर तुम्ही दरवर्षी लिहून राहिले. बंद झाल्याची काऊन नाही लिहीत?"

मला उत्तर सुचेना. गिरणी १९८६ मध्ये सरकारी महामंडळाकडे गेली, पुढे बंद पडली, तिथे मॉल उभा राहिला, एवढे सारे गावच जाणते. पण तारीख? त्यांनी माझी अडचण ओळखली. "मी सूतखात्यात होतो. एकतीस वर्षं. माझा बाप पण तिथंच. सुरू केली त्याचं नाव पुस्तकात आहे. आमची बंद झाली थे कोण लिहिन?"

बरणी सावरत ते निघून गेले. मी पोह्याच्या गाडीवर जाऊन बसलो, पण भाऊंनी पुढे केलेली प्लेट तशीच राहिली.

मला आठवली ती जेधे शकावली. कान्होजी जेध्यांच्या घराण्यातली ती साधी टाचणवजा नोंद: अमुक शकात, अमुक तिथीला अमुक घडले. ना शैली, ना पाल्हाळ. शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ सालचा असे लोक धरून चालले होते. लोकमान्य टिळकांनी ती शकावली प्रसिद्धीस आणली आणि फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही तिथी पुढे आली. आज सरकारी जयंती त्याच तारखेला होते. कोणीतरी रोजच्या रोज एक ओळ टिपून ठेवली म्हणून. आणि इथे आमच्या डोळ्यांदेखत हजारो माणसांच्या पोटावर पाय आला, तर त्या दिवसाची ओळ माझ्या फळ्यावर नाही. १९९४ पासून रोज तिथे उभा राहणारा मीच, तेव्हा मी काय लिहीत होतो? माझ्या वह्या काढून पाहिल्या. जिराफाच्या जिभेची लांबी लिहीत होतो.

वर्षभर मी ओळखीपाळखीत विचारले. प्रत्येक जण तारीख सांगे आणि प्रत्येकाची वेगळी. कोणाच्या खात्यातले साचे आधी थांबले होते, कोणी आधीच हिशेब घेऊन बाहेर पडले होते. शेवटी पुढच्या १ जानेवारीला मी नेहमीची ओळ लिहिली, तिथी लिहिली, आणि बाकीचा सगळा फळा कोरा ठेवला. वर इतकेच: 'ज्यांची मिल ज्या दिवशी बंद झाली, त्यांनी ती तारीख खाली लिहावी.' फळीवर खडूचे सहा तुकडे ठेवले.

नऊ वाजेपर्यंत काही नाही. 'थोडे हसा' नाही म्हणून कॉलेजची पोरे हिरमुसून गेली. मग ते मफलरवाले काका आले. त्यांनी खडू घेतला आणि अगदी कोपऱ्यात, शाळेतल्यासारख्या अक्षरात एक तारीख लिहिली. पुढे चार शब्द: 'शेवटची रात्रपाळी, घरी पायी.' दुपारी सायकलवर दोघे आले. संध्याकाळी रिक्षातून एक म्हातारे उतरले, त्यांना हात धरून सुनेने आणले होते; त्यांनी सांगितले आणि तिने लिहिले. कोणी भोंगा वाजला नाही तो दिवस लिहिला. कोणी शेवटच्या पगाराचा. एका बाईंनी तारीख न लिहिता लिहिले, 'त्या महिन्यापासून दूध अर्धा लिटर.' रात्री आठला मी मोजले तेव्हा तेवीस ओळी होत्या. एकाच तारखेच्या दोनसुद्धा नव्हत्या.

२ जानेवारीच्या पहाटे मी ओले फडके घेऊन उभा राहिलो. रोज पुसतो, तसे पुसायचे. हात उठला नाही. पत्र्याच्या पट्टीवर त्या दिवसाची तिथी चिकटवून आलो. वकीलसाहेब म्हणाले, "गुरुजी, हा फळा सार्वजनिक आहे, स्मारक नव्हे." मी म्हटले, दोन दिवस.

तिसऱ्या दिवशी रात्री अवकाळी पाऊस आला. विदर्भात जानेवारीत तो येतो. हरभऱ्याचे नुकसान करतो आणि जातो. वारा उलटा होता, पत्र्याचा उपयोग झाला नाही. सकाळी फळा स्वच्छ काळा, खाली फळीवर पांढरे ओघळ. मी तिथेच ओट्यावर बसलो.

तेवढ्यात समोरच्या वाड्यातली ती मुलगी दप्तर घेऊन क्लासला निघालेली दिसली. आता ती अकरावीत आहे. थांबली, दप्तरातून वही काढली. दोन तारखेलाच तिने तेवीसच्या तेवीस ओळी उतरून घेतल्या होत्या, ज्याने जसे लिहिले तसे, चुकांसकट. कडेला पेन्सिलीने कोणी लिहिले, केव्हा लिहिले, तेही. "मफलरवाल्या आजोबांना वाचून दाखवली," ती म्हणाली. "त्यांनी एक दुरुस्ती सांगितली. रात्रपाळी नव्हती, दुसरी पाळी होती."

मी खडू उचलला. चार तारीख होती. तिथी लिहिली आणि 'थोडे हसा'ची चौकट आखली. दूधवाला सायकल टेकवून उभा होता. "चला, आज काहीतरी हसायचं लिहा गुरुजी," तो म्हणाला.